पर्यायी वारसाचा रकाना

नॉमिनेशनच्या फॉर्मवर एक रकाना असतो. नॉमिनीच तुमच्या आधी गेला, तर रक्कम कुणाला द्यायची? तरुण पोरं तो हमखास मोकळा सोडतात. या दोघांनीही सोडला होता. त्याच्या फॉर्मवर तिचं नाव, तिच्या फॉर्मवर त्याचं, आणि खाली कोरी जागा.

तो तोफखान्यात कॅप्टन, ती मिलिटरी नर्सिंगमध्ये लेफ्टनंट. दोघं आमच्याच जिल्ह्यातले, गावं दोन तालुक्यांत. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती आणि पोस्टिंग कायम वेगवेगळ्या टोकांना. दिवाळीला एकदाची दोघांची सुट्टी जुळली. देवदर्शन करून रात्री परतताना महामार्गावर बंद पडलेला ट्रक उभा होता, दिवे नसलेला. एवढंच.

मी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक आहे. फौजेतून सुभेदार क्लार्क म्हणून बाहेर पडलो, त्यामुळे कागद पाहून घाबरत नाही. पण त्या सोमवारी दोन्ही घरची माणसं एकाच वेळी दारात उभी राहिली, तेव्हा खुर्च्या कशा मांडाव्यात तेच सुचेना. मुलाची आई विधवा, सोबत थोरला मुलगा. मुलीचे आईवडील, वडील एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. नमस्कार झाला, पण कुणी कुणाशी बोलेना.

थोरल्याने बसल्या बसल्या विचारलं, "सुभेदारसाहेब, आधी कोण गेलं, हे डॉक्टर लिहून देतील का?"

त्याला कुणीतरी सांगितलं होतं की सगळं त्यावर ठरतं. शवविच्छेदनात तसं काही निघालं नव्हतं. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याचं कलम 21 लागतं: कोण आधी गेलं ते कळत नसेल, तर वयाने लहान माणूस मागे राहिला असं धरायचं. तो 29 वर्षांचा, ती 27. म्हणजे कायद्याच्या हिशोबात तो आधी गेला आणि ती क्षणभर का होईना विधवा झाली. फाईल लिहिताना ते वाक्य मी दोनदा खोडलं.

खरी गोम त्याच्या पुढे, कलम 15 मध्ये आहे. मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू बाईचे पहिले वारस म्हणजे मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. तिचे स्वतःचे आईवडील त्यांच्याही नंतर. त्याच्याकडून तिला आलेला वाटा परत त्याच्याच आईकडे जाणार, हे एक वेळ समजू शकतो. पण तिने रात्रपाळ्या करून साठवलेल्या मुदत ठेवी? माहेरने घातलेले दागिने? तेही सासूकडेच. माहेरकडून वारशाने आलेलं असेल तेवढंच माहेरी परत जातं. कमावलेलं किंवा भेट मिळालेलं नाही. 2009 साली नारायणी देवींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा झालेली, सासरने बाहेर काढलेली, माहेरी राहून शिकून कमावती झालेली बाई. तिचा पैसा गेला सासरच्यांना. मला हे कधीच पटलेलं नाही.

म्हणजे आधी कोण गेलं, याचं उत्तर काहीही येवो, या मालमत्तेचा रस्ता एकाच घरी जात होता. मी ते जमेल तितकं हळू सांगितलं. थोरल्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. कंडक्टरकाका म्हणाले, "मग आम्हाला कशाला बोलावलंत?"

बोलावलं होतं दोन कारणांनी. एक, फॅमिली पेन्शन मालमत्तेत येत नाही. जोडीदार नाही, मूल नाही, तर अवलंबून असलेल्या आईवडिलांना ती मागता येते, आणि इथे ज्याचं लेकरू त्याचा अर्ज. उत्पन्नाची मर्यादा असते. काकांची पेन्शन इतकी तुटपुंजी की ते त्यात सहज बसत होते. फंड आणि विम्याचेही नियम वेगळे, त्यांचे अर्ज वेगळे.

दुसरं कारण ट्रंका. अधिकारी गेला की युनिटमध्ये कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट बसते, खोलीतली एकूण एक वस्तू यादीवर चढवते. त्या याद्या आमच्याकडे आल्या होत्या. त्याच्या यादीत हिवाळी बूट, बॅडमिंटनची रॅकेट, आणि अठराव्या नंबरला: 'पावडर, ब्राऊन, टिन वन.' यादी करणारा बिचारा बंगाली की पंजाबी असावा. मी मोठ्याने वाचलं.

"चटणी असंल," मुलाची आई म्हणाली. "पर म्या तर औंदा दिलीच न्हाई. मिरची महाग म्हणून उशिरा कुटली."

"मी दिली होती," मुलीची आई म्हणाली. "जावईबापूंना मेसचं जेवण अळणी लागायचं."

"माझी तिखट लागायची त्याला."

"माझ्यात खोबरं जास्त असतं, विहीणबाई."

मग दोघी मसाल्यावरच बोलत राहिल्या. कांदा किती तळायचा, धने कुठले. थोरला घड्याळ बघत होता. मी चहा मागवला आणि मध्ये पडलो नाही. मधेच मुलीची आई बोलता बोलता थांबली आणि लेकीच्या यादीत काय काय आहे, ते मला वाचायला लावलं. पांढरे युनिफॉर्म, नर्सिंगची पुस्तकं, आणि त्याचा एक जुना रेजिमेंटचा ट्रॅकसूट.

उठताना मुलाच्या आईने विचारलं, "पोरीचं डागदागिनं तिच्या आईला द्यायचं तर कागद कंचा?" थोरला म्हणाला, "आई, आधी कोर्टाचा वारस दाखला येऊ दे." कायद्याने त्याचं बरोबर होतं. मला त्याचा राग आला तो आलाच.

दाखल्यानंतर दागिने आणि तिची ट्रंक माहेरी गेली. ठेवींचं अर्ध्यावर मिटलं. दोघांच्या नावे बुक केलेला फ्लॅट मात्र अजून अडकलेला आहे. बिल्डर, बँक आणि थोरला, तिघांची तीन मतं.

काका-काकूंच्या पेन्शनच्या अर्जावर वरून हरकत आली: तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडा. काकांच्या गुडघ्यांनी तालुक्याच्या खेपा होणं कठीण, म्हणून मीच जायचं ठरवत होतो. तेवढ्यात ते दाखला घेऊन हजर. कुणी आणलं विचारलं, तर म्हणाले, "थोरले आले होते गाडी घेऊन. फ्लॅटवरून भांडतच नेलं तहसीलला, भांडतच आणून सोडलं."