काकांचा चोपडा आणि गब्बर सिंग
बडोद्याच्या दांडिया बाजारात काकांचं हार्डवेअरचं दुकान आहे, काल जरा बसलो होतो तर चहा यायच्या आधीच काका सुरू. कोणीतरी विरोधी पक्षाचा नेता टीव्हीवर बाबूशाही आणि जीएसटीच्या रिटर्नवर बोलला होता, ते ऐकून त्यांना 2017 आठवलं, गुजरातच्या निवडणुकीत राहुल गांधींनी जीएसटीला गब्बर सिंग टॅक्स म्हटलं होतं ना, ते. काका कट्टर भाजपवाले, पण त्या दिवशी हसले होते म्हणे, काकूने पाहिलंय 😄

तेव्हा मूळ नियमात महिन्याला तीन रिटर्न आणि वर्षाचं एक, म्हणजे 37 भरायचे होते. नंतर महिन्याच्या तिनांतले दोन बाजूला ठेवले, आणि 2021 पासून वर्षाला 5 कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही रिटर्नची सोय आली, हे मान्य करायलाच हवं.

पण खरी डोकेदुखी वेगळीच आहे बघा. काकांनी माल घेतला, टॅक्ससकट पैसे दिले, आणि समोरच्या पार्टीने त्याचं रिटर्नच भरलं नाही तर ते बिल काकांच्या 2बी मध्ये (पोर्टलवरची खरेदीच्या बिलांची यादी) दिसतच नाही आणि क्रेडिट, म्हणजे भरलेल्या टॅक्सची वजावट, अडकतं, म्हणजे चूक त्याची आणि फोन करत बसायचे यांनी! वर धंदा शून्य असला तरी रिटर्न हवंच, उशीर झाला की दिवसाला 20 रुपये.

विरोधकांनी हे बोलावं की, नुसती नावं काय ठेवता. आणि हो, दिवाळीला काका चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वहीची पूजा, अजून लाल चोपड्याचंच करतात, लॅपटॉपला फक्त कुंकू लावतात.