कोजागरीनंतरचा आठवडा

आश्विन महिन्याच्या पूर्वार्धात एकही दिवस मोकळा जात नाही. घटस्थापना, ललितापंचमी, अष्टमी, खंडेनवमी, दसरा असे करत आपण कोजागरीपर्यंत येतो आणि तिथून वसुबारसेपर्यंत, संकष्टी आणि रमा एकादशी सोडली, तर दिनदर्शिकेत ठळक अक्षरांत फारसे काही छापलेले नसते. त्यामुळे या मधल्या दिवसांना आमच्या घरात, आणि मला वाटते बहुतेक घरांत, स्वतःचे असे स्थान नाही. ‘दिवाळीच्या आधीचे दिवस’ एवढीच त्यांची ओळख आणि साफसफाई, खरेदी, फराळाची पूर्वतयारी यांत ते संपूनही जातात. मला मात्र कोजागरीनंतरचा हा आठवडा वर्षातला सर्वांत अस्सल शरदाचा आठवडा वाटतो. या दिवसांत पुण्यात राहणाऱ्याला जे सुख मिळते आणि जो वैताग येतो, त्या दोन्हींचे मूळ एकच आहे: चार महिने झाकलेले आकाश आता मोकळे झालेले असते.

वैतागाची सुरुवात अर्थातच उन्हापासून होते. ऑगस्टमध्ये पुण्याचे दुपारचे तापमान साधारण २८ अंशांच्या घरात असते. ऑक्टोबरात ते ३२-३३ पर्यंत चढते. एप्रिलच्या मानाने हा आकडा काहीच नाही आणि सूर्यही २२-२३ सप्टेंबरलाच विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे गेलेला असतो. तरीही हे ऊन अंगाला अधिक बोचते, कारण वर ढग उरलेले नसतात आणि खाली जमिनीत पावसाची ओल अजून टिकून असते. ती ओल दिवसभर हवेत मिसळत राहते, घाम वाळत नाही आणि दुपारी दोन वाजता दुचाकीवरून सिग्नलला थांबलेल्या माणसाला सावलीचा एक तुकडाही मिळत नाही. पहाटे मात्र पारा विसाच्या आसपास उतरतो, म्हणून रात्री पंखा लावून झोपलेल्यांना पहाटे पांघरूण शोधावे लागते आणि प्रत्येक घरात निदान एक माणूस तरी शिंकत असतो. पावसाळ्यात साचलेले पित्त शरदात उसळते असे आयुर्वेद सांगतो, आणि शरद ऋतूला जुन्या लोकांनी वैद्यांची आई म्हटले आहे ते या दिवसांत अगदी पटते. चांदण्यात ठेवून गार केलेले आटीव दूध हा त्या पित्तावरचा इलाज आहे, असे आई दर कोजागरीला सांगते आणि प्रत्येकाने आपला पेला संपवला की नाही हे पाहते.

कोजागरीच्या रात्री खरे तर चंद्र नीट पाहणे होतच नाही. गच्चीवर सगळी सोसायटी जमलेली असते, दुधाच्या पातेल्याभोवती मुले घोटाळत असतात, गाण्याच्या भेंड्या रंगलेल्या असतात, आणि हे सारे मला मनापासून आवडते. चंद्र मात्र त्यानंतरच्या दिवसांतच खरा भेटतो. तो रोज साधारण पाऊण तास उशिरा उगवतो, त्यामुळे जेवण उरकून गॅलरीत यावे तो त्याची वेळ झालेली असते. संकष्टीला तर या दर्शनाला विशेष अर्थ येतो. आषाढापासून भाद्रपदापर्यंत संकष्टीचा चंद्र बहुधा ढगांआड असतो आणि उपवास करणारे दिनदर्शिकेतली छापील वेळ पाहून ताटावर बसतात. आश्विनातली संकष्टी ही या पावसाळ्यानंतरची पहिली, जिला चंद्र प्रत्यक्ष पाहून उपवास सोडता येतो. आमच्या पूर्वेला एक नवी इमारत उभी राहिल्यापासून तो आम्हाला छापील वेळेनंतर बराच उशिरा दिसतो. चंद्र दिसू शकतो हे ठाऊक असताना आई छापील वेळ मानायला तयार नसते, आणि मग वरण पुन्हा गरम करावे लागते. घरातल्या लहानांची यावरून कुरकुर होते, पण या बाबतीत मी पूर्णपणे आईच्या बाजूचा आहे.

सकाळी मी वेताळ टेकडीवर जातो. पावसाळ्यात पोपटी असलेले गवत या आठवड्यात पिकून सोनेरी होऊ लागते आणि सूर्य उगवताना सगळा उतार उजळून निघतो. हे दृश्य पाहायला जो जातो त्याला कुसळांची किंमत मोजावी लागते. कुसळी गवताच्या प्रत्येक बीला अणकुचीदार टोक आणि मागे एक लांब केस असतो. हा केस कोरड्या हवेत पीळ घेतो, दमट हवेत तो पीळ सोडतो, आणि या फिरण्याच्या जोरावर बी जमिनीत शिरते. निसर्गाची ही योजना थक्क करणारी आहे, परंतु तीच बी पायमोज्यातून घोट्यात शिरते तेव्हा कौतुक करत बसण्याइतका धीर राहत नाही. धुलाई यंत्रात कुसळे निघत नाहीत, उलट एका मोज्यातली दुसऱ्या कपड्यांत जातात, म्हणून ती एकेक करून हातानेच उपसावी लागतात. तरीही मी वाट बदलत नाही, कारण तीच वाट दगडखाणीतल्या पाण्याकडे जाते आणि हिमालयाकडून आलेला करडा धोबी हा पक्षी याच सुमारास तिथे दिसू लागतो. काठावरच्या दगडांवरून शेपटी सतत वर-खाली हलवत तो पळतो. पठारावर पिवळसर तांबूस चतुरांचे थवे तरंगत असतात. याच जातीचे चतुर या दिवसांत भारतातून मालदीवमार्गे पूर्व आफ्रिकेकडे जातात असे अभ्यासकांचे मत आहे. एवढ्याशा पंखांवर समुद्र ओलांडणाऱ्या जिवाचे भाईबंद आपल्या डोक्यावरून जात आहेत या जाणिवेने माझी सकाळ मोठी होते.

टेकडीवरून उतरल्यावर बुचाची झाडे लागतात. लांब देठांची पांढरी फुले रात्रभर गळून पदपथावर पसरलेली असतात आणि त्या देठांचीच वेणी गुंफता येते, सुईदोरा लागत नाही. मुलीला ही वेणी मी शिकवली आहे. सप्तपर्णीचे मात्र आमच्या घरात एकमत नाही. संध्याकाळ झाली की त्या झाडाचा वास सगळ्या रस्त्यावर दाटतो. मला तो शरदाची खूण म्हणून हवाहवासा वाटतो, पत्नीचे त्याने डोके दुखते आणि ती खिडक्या लावून घेते. उकाड्याच्या संध्याकाळी बंद खिडक्या सोसणे सोपे नाही, पण तिचे दुखणे खरे आहे. माझी तक्रार आहे ती नगरनियोजनाविषयी. इतक्या उग्र वासाचे एकच झाड ओळीने शेकडो मीटर लावण्याऐवजी मधे बूच, कडुनिंब, करंज असे काही लावले असते, तर दोघांचीही सोय झाली असती.

रस्त्यावरच्या धुळीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ती सर्वांच्याच वाट्याला येते. पावसात खड्डे बुजवायला टाकलेली माती आणि खडी ऊन पडताच सुटी होते आणि दर वाहनामागे उडते. सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येते.

आता सीताफळ. या आठवड्यातले सर्वांत मोठे सुख कोणते असे मला विचारले, तर मी क्षणभरही विचार न करता त्याचेच नाव घेईन. सासवडकडून, पुरंदर तालुक्यातून, सीताफळांच्या पाट्या पुण्यात येतात आणि चौकाचौकांत हातगाड्या लागतात. चांगले फळ ओळखायची खूण म्हणजे त्याचे डोळे: दोन डोळ्यांमधली जागा रुंदावून फिकट पिवळसर झाली असेल, तर ते फळ झाडावर पुरते भरले आहे आणि घरी हमखास पिकेल. डोळे मिटलेले फळ कितीही मोठे असले तरी घेऊ नये. ते काळे पडते, पिकत नाही. मी नेहमी काही मऊ, काही कडक अशी निवडून आणतो, म्हणजे रोज एक-दोन खाता यावीत. परंतु ऑक्टोबरच्या उष्म्यात सीताफळाला हे वेळापत्रक मान्य नसते आणि बघता बघता सगळी पाटी एकदम पिकते. शीतकपाटात ठेवावीत तर साल काळवंडते आणि चव उतरते. मग संध्याकाळी वर्तमानपत्र अंथरून सगळ्यांनी एकत्र बसायचे, शेजारच्या काकूंना दोन द्यायची, आणि तरीही उरली तर गर काढून बासुंदी करायची. गर दुधाबरोबर उकळला की कडवट होतो, म्हणून दूध आटवून पूर्ण गार झाल्यावरच तो घालावा लागतो, आणि बिया काढताना तासभर सहज जातो. बार्शी तालुक्यातले शेतकरी नवनाथ कसपटे यांनी विकसित केलेले ‘गोल्डन’ सीताफळ अधिक दिवस टिकते आणि त्यात बियाही कमी असतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते मोठेच काम आहे आणि मी ते आनंदाने विकत घेतो. पण गावरान सीताफळाची रवाळ गोडी जिभेवर विरघळते तिला मला अजून तोड सापडलेली नाही.

देखभालीसाठी आठवड्यातून एक दिवस वीज जाते, ती नेमकी उकाड्याच्या वेळी. दिवसा चावणारे डासही याच दिवसांत वाढतात, म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या रोज रिकाम्या कराव्या लागतात. हे दोन्ही मी निमूटपणे सोसतो. माझे लक्ष आठवडाभर एकाच गोष्टीवर असते, आणि ती म्हणजे चकलीची भाजणी.

आमच्या भाजणीत चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभरा डाळ, एक वाटी उडीद डाळ आणि अर्धी वाटी मूग डाळ असते. शिवाय धने आणि जिरे. धान्ये धुऊन कापडावर वाळवायची आणि मग प्रत्येक वेगवेगळे, मंद आचेवर भाजायचे. श्रावणात हे शक्यच नसते, दाण्यातली ओल जात नाही. ज्या उन्हाला मी दुपारी सिग्नलवर कंटाळतो, तेच गच्चीवर पसरलेले तांदूळ दोन-तीन तासांत खडखडीत करते. धोका असतो तो चारच्या सुमारास. सकाळभर तापलेली जमीन उरलेली ओल वर ढकलते, दुपारनंतर ढगांचे मनोरे चढतात आणि गडगडाटासह परतीचा पाऊस कोसळतो. या वर्षीही तसेच झाले: पश्चिमेकडे काळे दिसताच आईने खालून हाक मारली, “अरे, तांदूळ उचल आधी, चादर मागून आण!” आणि थेंब पडायच्या आत सगळे घरात आले.

पुढचा टप्पा गिरणीचा. भाजणी गव्हावर दळली तर चकली बिघडते, ती तांदळाच्या दळणावरच टाकावी, हा आईचा नियम आहे आणि आमच्या भागातले गिरणीवाले काका तो जाणतात. “साडेनऊपर्यंत गहूच आहेत, दादा. नंतर तांदूळ लावतो, तेव्हा या,” असे त्यांनी सांगितले आणि मी त्या वेळेला डबा घेऊन गेलो. माझ्यापुढे डब्यांची मोठी ओळ होती. मधेच एका गृहस्थांनी घाईचे कारण सांगून आपले गहू पुढे सरकवले. काकांनी ते शांतपणे बाजूला ठेवले, आणि रांगेतल्या सगळ्यांना त्यांचा आदर वाटला. या रांगेत उभे राहण्याचा मला मुळीच त्रास होत नाही. उघड्या डब्यांतून भाजलेल्या डाळींचा, धन्यांचा वास येत असतो, कोणी पोहे किती घालावेत हे विचारत असते, कोणी भाजणीत साबुदाणा घालते असे सांगते आणि त्यावर मतभेद होतात. बाजारात तयार भाजणी चांगली मिळते हे मला ठाऊक आहे. पण घरच्या भाजणीचा डबा हातात गरम लागतो, तेव्हा आठवडाभराचे ऊन त्यात उतरले आहे असे वाटते.

गरम पीठ डब्यात बंद केले तर वाफेने ओलसर होते, म्हणून घरी आल्यावर ते परातीत पसरून गार केले. संध्याकाळी आईने त्यातले दोन मुठी पीठ घेऊन गरम तेलाचे मोहन, तिखट, तीळ, ओवा घालून मळले आणि सोऱ्यातून चार-पाच चकल्या पाडल्या. दिवाळीआधी भाजणी तपासायची हीच रीत आहे. पहिली चकली मोडून तिने आतली पोकळी पाहिली, मग तुकडा तोंडात टाकला. “काटे छान आलेत. तिखट अजून चमचाभर चालेल,” ती म्हणाली, “आणि अनारशाचे तांदूळ आजच भिजत घाल. तीन दिवस रोज पाणी बदलायचं, विसरू नकोस.” तांदूळ मी लगेच भिजत घातले.