‘रीझन’पुढचा ‘फॉर’

नववीला इंग्रजीच्या सरांनी आम्हाला एकही नाम सुटं पाठ करू दिलं नाही. फळ्यावर ‘रीझन’ लिहिलं की त्याच दमात पुढे ‘फॉर’ लिहायचे आणि दोघांभोवती खडूने एकच चौकट ओढायचे. ‘डिमांड फॉर’, ‘रिप्लाय टू’, ‘इन्क्रीज इन’, सगळं जोडीनंच. अर्थ मागाहून.

आमच्या वर्गात सोलापूरच्या साखर पेठेतली तेलुगू बोलणारी मुलं होती, काही कन्नड, बाकी आम्ही मराठी. मराठीत ‘उशिराचं कारण’, ‘टॉवेलची मागणी’, ‘पत्राचं उत्तर’, सगळीकडे चा-ची-चे. त्यामुळे इंग्रजी लिहितानाही हात ‘ऑफ’कडेच जातो आणि ‘रीझन ऑफ डिले’ होऊन बसतं. सर म्हणायचे, ‘ऑफ’ हवाच असेल तर ‘कॉज’ घ्या. आगीचं कारण, अपघाताचं कारण, तिथे ‘कॉज ऑफ’ शोभतं. ‘रीझन’ला ‘फॉर’च.

पण सर सगळ्यात जास्त रमायचे ते नाम आणि क्रियापदाच्या फरकात. तोच शब्द नाम असताना जे मागतो, ते क्रियापद झाल्यावर मागेलच असं नाही. ‘माय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ बरोबर; ‘आय रिक्वेस्ट फॉर लीव्ह’ नको. ‘अ डिस्कशन अबाउट द रेट’ चालतं, ‘वी डिस्कस्ड अबाउट द रेट’ चालत नाही, तिथे ‘अबाउट’ काढायचा. परीक्षेत यावर जेमतेम एखादा प्रश्न यायचा. तरी सरांनी पोर्शन मागे ठेवून हे घोटून घेतलं, आणि माझ्या मते तेच योग्य केलं.

मी आज अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेल निर्यातीचा पत्रव्यवहार बघतो. सूत महागलं की परदेशी गिऱ्हाइकाला कळवावं लागतं: ‘ॲन इन्क्रीज ऑफ टेन पर्सेंट इन द प्राइस ऑफ यार्न’. किती वाढ झाली, तिथे ‘ऑफ’; कशात झाली, तिथे ‘इन’. अशी ओळ नीट गेली की समोरचा दुसऱ्यांदा विचारत नाही, थेट दराचंच बोलतो.

ऑफिसातली नवी मुलं हुशार आहेत, पण मोबाइलवर नुसता अर्थ बघून थांबतात. त्यांना मी विद्यार्थ्यांसाठीचा मोठा इंग्रजी शब्दकोश उघडायला लावतो. त्यात नामाच्या नोंदीखाली त्याच्याबरोबर येणारा शब्द आणि एखादं वाक्य दिलेलं असतं. ते वाक्यच उतरवून घ्यायचं. असे शब्दकोश शाळेत प्रत्येक वर्गाच्या कपाटात असावेत म्हणून आमच्या बॅचने वर्गणी काढायला सुरुवात केली आहे.