पहिला मायक्रोसेकंद वाया घालवायचा असतो

जूनमध्ये मुंबईतल्या तांबाकाट्यावरून, धातूंच्या बाजारातून, पितळेची एक पट्टी आणली. दुकानातल्या काकांनी विचारलं, "कशाला हवी?" लेझर मारून त्यातलं तांबं-जस्त बघणार आहे म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या ढिगातला एक तुकडा काढून दिला. "मग हाही बघा, यात जस्त जास्त आहे." पैसे घेतले नाहीत.

लॅबमध्ये पहिले तीन दिवस मला काहीच दिसलं नाही. म्हणजे दिसत होता तो फक्त पांढरा उजेड. वर्णपटात, म्हणजे त्या उजेडाचे रंग वेगळे करून काढलेल्या आलेखात, मूलद्रव्याची ओळख सांगणारी एकही रेघ नाही, नुसता एक उंचवटा. मी स्पेक्ट्रोमीटर पुन्हा कॅलिब्रेट केला, लेन्स पुसल्या, फायबर बदलला. चूक भलतीकडेच होती. कॅमेऱ्याचं गेट, म्हणजे प्रकाश टिपायची झडप, मी लेझरच्या पल्सबरोबरच, त्याच्या क्षणभराच्या झोताबरोबरच, उघडत होते.

आमचा पल्स ७ नॅनोसेकंदांचा, तरंगलांबी १०६४ नॅनोमीटर. तेवढ्या वेळात प्रकाश जेमतेम दोन मीटर जातो. पण धातूच्या टिकलीएवढ्याही नसलेल्या जागेवर ती ऊर्जा पडते, पृष्ठभाग वितळतो, वाफ होते, वाफेतल्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू म्हणजे आयन), आणि पल्सचा उरलेला भाग हे इलेक्ट्रॉनच शोषून घेतात. धातूपर्यंत तो धड पोचतही नाही. या इलेक्ट्रॉन-आयनांच्या तप्त वायूचं, म्हणजे प्लाझ्माचं, तापमान काही हजार नव्हे, दहा-दहा हजार केल्विनच्या पटीत जातं. तेव्हा मोकळे इलेक्ट्रॉन आयनांजवळून जाताना वळतात आणि सगळ्याच रंगांचा प्रकाश सोडतात. तोच माझा उंचवटा. त्यात तांब्याची ओळख पटेल असं काही नसतं.

मला हा वेळ मनात धरता येईना, म्हणून मी एका नॅनोसेकंदाला एक सेकंद धरलं. मग पल्स ७ सेकंदांत संपतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे जवळजवळ १७ मिनिटं, दादरहून सीएसएमटीला धीम्या लोकलने लागतात साधारण तेवढी. आणि ४० मायक्रोसेकंद म्हणजे अकरा तास, रात्रीच्या गाडीने कोकणात पोचायचा वेळ. पल्स संपल्यावर प्लाझ्माचं आयुष्य एवढं लांब उरतं, आणि सगळं बघण्यासारखं त्यातच घडतं.

सीएसएमटी येईपर्यंत थांबले, म्हणजे गेट एक मायक्रोसेकंद उशिरा उघडलं, आणि रेघा उभ्या राहिल्या. तांब्याच्या ५१०.६, ५१५.३ आणि ५२१.८ नॅनोमीटरच्या तीन हिरव्या, जस्ताची ४८१.१ ची निळी. मी खुर्चीतून उठलेच.

मग उशीर थोडा थोडा वाढवत गेले. आधी आयनांच्या रेघा मंदावतात, कारण आयन इलेक्ट्रॉन परत पकडून अणू होतात. अणूंच्या रेघा मागे राहतात. ६५६.३ वर हायड्रोजनची लाल रेघही होती, पितळेत हायड्रोजन कुठला? तो मुंबईच्या पावसाळी हवेतल्या बाष्पाचा. मला तीच रेघ सगळ्यात जवळची वाटते. सुरुवातीला ती पसरट असते, कारण भोवतालच्या इलेक्ट्रॉन-आयनांची विद्युतक्षेत्रं अणूच्या ऊर्जापातळ्या हलवतात; प्लाझ्मा विरळ होत जातो तशी ती आवळत जाते. तिच्या रुंदीवरून इलेक्ट्रॉनांची घनता काढता येते.

पितळेऐवजी ॲल्युमिनियम ठेवलं तर दहा-वीस मायक्रोसेकंदांनंतर अणू हवेतल्या ऑक्सिजनला धरतात आणि ॲल्युमिनियम ऑक्साइडचे निळे-हिरवे पट्टे दिसू लागतात. प्लाझ्मा निवत असताना त्यात नवे रेणू जन्मतात, हे मला पुस्तकात वाचून पटलं नव्हतं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरनेही असाच लेझर मारून चंद्राच्या मातीत गंधक असल्याचं दाखवलं. तिथे हवा नाही, त्यामुळे प्लाझ्माला अडवणारं काही नाही. तो झपाट्याने पसरतो आणि लवकर विझतो. गेट कधी उघडायचं हे गणित तिथे वेगळं.

काकांच्या तुकड्यात जस्ताची रेघ तांब्याच्या तुलनेत खरंच उंच आली. दोन्ही आलेख एका कागदावर छापून ठेवलेत. शनिवारी तांबाकाट्याला जाणार आहे.