डोमिनोची हद्द

आज रविवारी नेरुळच्या आमच्या घरात सकाळपासून हद्दीचा वाद चालू होता, आणि तो सोसायटीच्या पार्किंगचा नसून बैठकीच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतला होता. दोन वर्षांपूर्वी आणलेला डोमिनो डॅमसेल तेव्हा जेमतेम इंचभर होता. मखमली काळ्या अंगावरचे तीन पांढरे ठिपके पाहून आम्ही भुललो आणि हा मासा पुढे १४ सेंटिमीटरपर्यंत वाढू शकतो, ठिपके फिकट होतात व स्वभाव मात्र तिखट होत जातो, हे विचारायचे राहूनच गेले.

काल सोडलेला क्लाउनफिश खरे तर त्याचा भाऊबंदच, कारण दोघेही पोमासेंट्रिडी या एकाच कुळातले; तरीही रात्रभरात डोमिनोने त्याला फिल्टरच्या नळीमागे कोंडले होते आणि त्याच्या शेपटीची कड फाटलेली दिसत होती. काच पुसायला हात घातला, तर माझ्या अंगठ्यालाही चावा बसला. (लागले काहीच नाही, अपमान मात्र झाला.)

शेवटी दुपारी सगळे दगड उपसून त्यांची मांडणी बदलली, कारण ओळखीच्या खुणा मोडल्या की जुन्या माशाचा ताबा काही काळ ढिला पडतो, आणि डोमिनोला भोके पाडलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात, त्याच टाकीत, नजरकैदेत ठेवले. डॅमसेल सर्वांत शेवटी सोडायचा असतो. आम्ही तो स्वस्त आणि काटक म्हणून सर्वांत आधी सोडला होता.

संध्याकाळी क्लाउनफिशने कोळंबीचे दोन बारीक तुकडे खाल्ले, तेव्हा डोमिनो डब्याच्या भिंतीला तोंड लावून ते पाहत होता.