पाऊस नव्हता, तरी हेलिकॉप्टर का आलं नाही?

‘पाऊस नव्हता, रुग्ण अत्यवस्थ होता, मग रात्री हेलिकॉप्टर नाकारलंच कसं?’ तुम्ही पुन्हा पुन्हा विचारता म्हणून सांगते. वादळ दिसतं, ते टाळता येतं. अंधारातला ढग आत शिरल्यावरच कळतो. तापमान आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचे थेंब होऊ लागतात तो अंश, यांत दोन-तीन अंशांचंच अंतर उरलं, की चांदणं असूनही धुकं धरू शकतं. नकार बहुधा त्या आकड्यावर ठरतो.

२७ सप्टेंबर २००८ ची रात्र घ्या. अमेरिकेत मेरीलँड राज्य पोलिसांचं ‘ट्रूपर २’ हे हेलिकॉप्टर रस्ते अपघातातल्या दोन जखमी मुलींना घेऊन निघालं. ढग खाली आले, रुग्णालय गाठणं जमेना, म्हणून पायलट अँड्र्यूज हवाई तळाकडे वळला. ढग १,८०० फुटांवर असल्याची जी नोंद त्याला मिळाली, ती जवळपास पाच तास जुनी होती. ग्लाइडस्लोपचा, म्हणजे धावपट्टीकडे किती उतारानं यायचं ते दाखवणारा रेडिओ संकेत मिळत नाही, असं त्याने कळवलं. धावपट्टी दिसेपर्यंत ठरलेल्या किमान उंचीखाली जायचं नसतं. पण ढगाखाली निघू, या आशेने तो वेगाने उतरत गेला आणि हेलिकॉप्टर झाडांत कोसळलं. पाचपैकी चौघे गेले. अवशेष सापडायलाच सुमारे दोन तास लागले. वाचलेली एक मुलगी तोवर तिथेच होती.

अंधारात पाहायला मदत करणारे नाइट व्हिजन गॉगल्स आले की हे संपेल, असं मीही मानायचे. चूक होती. त्यांतून जेमतेम ४० अंशांचं दृश्य दिसतं, अंतराचा अंदाज चुकतो. विजेच्या तारा दिसतीलच असं नाही. खांब शोधायचे आणि मध्ये तार आहेच असं धरून चालायचं. काही एलईडी धोक्याचे दिवे गॉगल्समधून दिसतच नाहीत, त्यासाठी खालच्या फटीतून नुसत्या डोळ्यांनी पाहावं लागतं. आणि गॉगल्स विरळ धुक्याच्या आरपार बघतात, म्हणून ते दाट होत चाललंय हे उशिरा उमगतं. दिव्यांभोवतीची वलयं मोठी होऊ लागली, की तिथूनच मागे फिरायचं.

पायलटला रुग्णाचं वय, अवस्था मुद्दाम सांगत नाहीत, तेही याचसाठी. तुम्हाला ते निर्दय वाटतं. लहान मूल आहे म्हटल्यावर तापमान-दवबिंदूतल्या अंतराचा तोच आकडा बरा वाटू लागतो.

नकार दिल्यावर धुकं आलंच नाही, असंही घडतं. त्या घरच्यांना काय सांगावं, हे मला आजही सुचत नाही. पण एकाने नाही म्हटल्यावर दुसऱ्या सेवेला फोन कराल, तेव्हा पहिला नकार आणि त्याचं कारण आधी सांगा.