यॉटची ऑर्का-तयारी, नोंद ३: सुकाणूची खोली

मार्ग लिस्बन ते जिब्राल्टर. बोट १२ मीटरची, सुकाणू स्केगचा (तळाखालच्या पक्क्या पंखाचा) आधार नसलेलं, नुसतं दांड्यावर लटकणारं. म्हणजे ऑर्कांच्या (किलर व्हेलच्या) आवडीचाच नमुना. २०२० पासून आयबेरियन ऑर्का या पट्ट्यात शिडाच्या बोटींची सुकाणू ढुसण्या मारून मोडताहेत. जेमतेम पन्नासाच्या आत उरलेले हे प्राणी ब्लूफिन ट्यूनाच्या मागावर असतात: वसंतापासून जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीत, उन्हाळा सरता सरता पोर्तुगाल आणि गॅलिशियाकडे.

बोट वर काढलेली असताना पातं खालच्या टोकाला धरून आडवं हलवलं. खालच्या बेअरिंगमध्ये ३ मिलिमीटर ढिलाई, म्हणून त्यातला बुश (आतली कडी) बदलला. ढुसणी पात्याला बसते, पातं तरफेसारखं काम करतं आणि सगळा जोर दांड्याची नळी तळाला जिथे जोडलेली असते त्या सांध्यावर येतो. पातं तुटलं तरी बोट तरंगते. सांधा फाटला की पाणी आत.

म्हणून खरी परीक्षा मागच्या कप्प्याची, म्हणजे सुकाणूच्या खोलीची: आलेलं पाणी तिथेच अडायला हवं. त्यात २० लिटर पाणी ओतलं. अर्ध्या तासात केबिनची फळी ओली! ऑटोपायलटची वायर जिथून जाते त्या भोकातून पाझर होता. पॉलियुरेथेन सीलंट भरून सुकू दिलं, पुन्हा २० लिटर ओतलं, कोरडं. ही चाचणी फुकट आहे, तरी कुणी करत नाही.

आणीबाणीचा टिलर (सुकाणू हाताने फिरवायचा दांडका) दांड्यावर बसतो, पण डावीकडे चाकाच्या खांबाला अडतो. वाकवून घ्यायचा आहे. दांडाच वाकून अडकला तर टिलर कुचकामी. मग ड्रोग (पाण्यात ओढत न्यायचा, बोटीला अडवणारा कापडी शंकू) मागे सोडून त्याचे दोन दोर दोन्ही बाजूंच्या विंचांवर (दोर आखडायच्या रहाटांवर) घ्यायचे. उजवा दोर आखडला की बोट उजवीकडे वळते.

गाठ पडली तर? सुरुवातीला सल्ला होता, शिडं उतरवा आणि थांबा. आता उलट. मे २०२४ मध्ये १५ मीटरची ‘अल्बोरान कोन्याक’ सामुद्रधुनीत बुडाली. स्पेनचा सरकारी सल्ला आता असा: थांबू नका, सुरक्षित असेल तितकं किनाऱ्याकडे, उथळ पाण्यात चला. इंजिन चालू, ऑटोपायलट बंद. ढुसण्या बसत असताना चाकावरून हात काढा, गरकन फिरलेल्या आऱ्यांत बोटं मोडतात. कडेला वाकून फोटो काढायला कुणी जायचं नाही. व्हीएचएफ रेडिओच्या १६ नंबरच्या आणीबाणी चॅनेलवर कळवा.

२० मीटर खोलीची रेषा धरून जायचं ठरलंय, पण वसंतात बार्बाते आणि झाहाराजवळ किनाऱ्यालगत ट्यूनाची अल्माद्राबा जाळी पसरलेली असतात. रात्री तिथे शिरणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. तो टप्पा दिवसाच.

ऑर्कांना पळवायला फटाके बाद. प्राणी संरक्षित आहेत, त्यांना इजा करणं बेकायदा. त्यांना हटवायला पाण्यात वाळू ओतण्याचाही भरवसा नाही.

बाकी: टिलर वाकवणं, मागच्या कप्प्यात स्वतंत्र पंप, पाण्याखाली सुकणारं इपॉक्सी.